चाकांवरचे घर आणि तोरणमाळचा तलाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे एखाद्या विदुषीचे व्याख्यान होण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले, याचे मला नवल वाटले. मी विदुषी नाही. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे पाढे शिकवले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे घरी बसले, एवढीच माझी ओळख. पण गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता तोरणमाळला चाकांवरच्या घरात पंधरा दिवस राहून आलो, ही वार्ता गावात बरीच पसरली. भाजीबाजारात, देवळात, दवाखान्याच्या बाकावर, जी भेटेल ती विचारी, "गाडीत राहता तरी कसे हो? स्वयंपाक कुठे? आणि आंघोळ?" प्रत्येकीला निरनिराळे सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावे, म्हणून मी हे आमंत्रण स्वीकारले.

आधीच सांगून ठेवते की, विषय प्रवासाचा असला तरी मला बोलायचे आहे ते घरकामाविषयी. दोहोंचा संबंध काय, ते पुढे ओघाने येईल.

तोरणमाळ आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. कुणी शाळेच्या सहलीबरोबर, कुणी महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला. परंतु गेलो, दर्शन घेतले, तलावाकाठी डबा सोडला आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो, असेच बहुधा होते. आपल्या दारातल्या वस्तूची आपण अशीच हेळसांड करतो. थंड हवा आणि डोंगरातले तळे पाहायचे म्हणून आपली माणसे नैनितालला जातात, काश्मीरला जातात. पण अक्राणी तालुक्यात, आपल्या सातपुड्यावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच अशी एक सपाटी आहे आणि तिच्या मधोमध यशवंत तलाव पसरलेला आहे, हे ठाऊक असूनही तिथे चार रात्री काढण्याचे कुणाच्या मनात येत नाही.

आम्ही गेलो तेव्हा खाली शहाद्याला पारा ४३ अंशांच्या वर होता. म्हसावद, राणीपूर मागे पडले, साग आणि अंजनाची झाडे दिसू लागली, आणि मग सात पायरीचा घाट लागला. एकावर एक रचल्यासारखी ती वळणे चढताना आमचे हे डोळे मिटून बसले होते आणि मी उघडे ठेवून बसले होते. माथ्यावर पोचल्यावर दार उघडले तो अंगावर आलेला वारा अजून आठवतो. ऊन तिथेही होते, पण ते भाजणारे नव्हते. दिवस कलला की तलावावरून झुळूक सुरू होई आणि पहाटे चादर ओढून घ्यावी लागे. मे महिन्यात, खानदेशात, चादर!

मे महिन्यातले तोरणमाळ हिरवेगार नसते. सागाची पाने गळून गेलेली असतात, गवत वाळून पिवळे झालेले असते, आणि पावसाळ्यात जिथे धबधबे कोसळतात त्या सीताखाईत नुसते काळे कडे उभे असतात. ज्यांना चित्रातली शोभा हवी त्यांनी श्रावणात जावे. परंतु उन्हाळ्यात त्या तलावाची किंमत कळते. सभोवारचे सगळे तहानलेले आणि मध्ये ते शांत पाणी. सकाळी गाई-म्हशी उतरतात, पाणकावळे पंख पसरून खडकावर बसतात, एखादा खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून जातो. संध्याकाळी देवळातली घंटा पाण्यावरून ऐकू येते. रात्री दिवे कमी असल्यामुळे आकाश इतके जवळ येते की लहानपणी गच्चीवर झोपत होतो त्या रात्रींची आठवण व्हावी. यात्रेचा गलबला नसलेला तो तलाव मी प्रथमच पाहिला.

आता त्या घराविषयी. इंग्रजीत ज्याला कॅराव्हॅन म्हणतात, तशी ती गाडी. प्रवासी टेम्पोएवढीच लांब. आत दोन बाकडी असतात, ती रात्री ओढून पलंग होतो. ओट्याच्या जागी हातभर लांबीची फळी, तीवर शेगडी, शेजारी कुंडी, वर दोन फळ्यांचे कपाट, एक लहानसा फ्रीज आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी मोरी-संडास. छतावर पंखा. अंगणात उभी केली की बाहेरून तार जोडून वीज घेता येते. पाण्याची एक टाकी वरच्या बाजूला आणि वापरलेले पाणी साठवायची दुसरी टाकी खाली. परदेशात निवृत्त माणसे अशा गाड्या घेऊन महिनोन्‌महिने सरोवरांच्या काठी राहतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळणे थोडे सुलभ झाले आहे. आम्ही चालकासह गाडी घेतली. त्याने आम्हाला वर पोचवले, एका निवासाच्या आवारात मालकाच्या परवानगीने गाडी उभी केली, तो एस.टी.ने खाली गेला आणि पंधराव्या दिवशी पुन्हा न्यायला आला. भाडे स्वस्त नव्हते. काशीयात्रेसाठी म्हणून बाजूला टाकलेल्या पैशांतून ते दिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

चाकांवरचा संसार ही गोष्ट काही आपल्याला नवी नाही. धनगरांचे बिऱ्हाड घोड्यावर असते. आपल्याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि तान्ही मुले घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या तोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल बहुधा पुरुषाच्या हातावर पडते, आणि दिवसभर मोळ्या वाहून आलेली बाई रात्री पुन्हा तीन दगडांच्या चुलीपुढे बसते. त्यांचा फिरता संसार पोटासाठी, आमचा हौसेसाठी. हा फरक मी त्या पंधरा दिवसांत विसरले नाही आणि तुम्हीही ऐकताना विसरू नये, अशी विनंती आहे.

मैत्रिणींनो, नोकरी करणाऱ्या बाईला निवृत्ती मिळते ती अर्धी. शाळेचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, सगळ्यांनी "आता विश्रांती घ्या बाई" म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी दुधाचे पातेले गॅसवर ठेवले. आमचे हेही त्याआधी तीन वर्षे निवृत्त झाले होते. त्यांचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. माणूस सरळ, व्यसन नाही, आवाज चढवणे नाही. पण निवृत्तीनंतर त्यांचा दिवस रिकामा झाला आणि माझा भरला. पूर्वी दोन वेळा होणारा चहा चार वेळा होऊ लागला. दुपारी शाळेत माझे मला मिळत होते तेवढे पाच तासही गेले. ते मदत करायला तयार नव्हते असे नाही; पण मदतीला उठले की पहिला प्रश्न, "अगं, चाळणी कुठे आहे?" मग "मोहरी कुठल्या डब्यात?" मग "हा कपडा ओट्याचा की भांड्यांचा?" चार प्रश्नांची उत्तरे देण्यापेक्षा आपणच करून टाकलेले बरे, असे कुठल्या बाईला वाटत नाही? हसू नका, तुमच्याही घरी हेच चालले आहे.

त्या गाडीत हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी बंद पडला. तिथे हरवायला जागाच नव्हती. दोन पातेली, एक कढई, एक तवा, चार ताटल्या आणि सहा डबे, सगळे डोळ्यांसमोर. पलंगावरून पाय खाली टाकले की स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून पाऊल टाकले की दिवाणखाना. "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्या घरात कुणी बोलूच शकत नव्हते. आणखी एक गोष्ट होती. मी ओट्याशी उभी राहिले की वाट अडे. त्यांना बाहेर जायचे तर मी बाजूला व्हायचे, मला भांडे घ्यायचे तर त्यांनी पाय वर घ्यायचे. मोठ्या घरात बाई राबते ते दुसऱ्या खोलीत राबते, भिंतीपलीकडे. इथे भिंत नव्हती. माझ्या दिवसभराच्या उठाबशा त्यांना प्रथमच डोळ्यांनी दिसल्या.

पण खरा फरक घडवला तो पाण्याने. टाकी सव्वाशे लिटरची, आणि मे महिन्यात विहीर खाली गेलेली, म्हणून दोन दिवसांतून एकदाच ती भरून मिळेल, असे मालकाने पहिल्याच दिवशी सांगितले. म्हणजे दोघांना दिवसाला साठ-बासष्ट लिटर. ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. आमच्या वाट्याला त्याच्या जेमतेम निम्मे. हिशेबाचा विषय निघाल्याबरोबर आमच्या यजमानांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी वही काढली, रकाने आखले आणि दिवसभर मग मोजत बसले. संध्याकाळी मला वाचून दाखवले: दोन आंघोळी सोळा लिटर, पिण्याचे व स्वयंपाकाचे दहा, संडासाचे बारा, आणि भांडी बावीस! ते म्हणाले, "अगं, भांड्यांना आंघोळीपेक्षा जास्त पाणी लागते? आणि तीन वेळा?" मी म्हटले, "तीन वेळा नाही, पाच वेळा. चहाच्या दोन वेळा तुम्ही लिहिल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी बाह्या वर केल्या. "ही बाब मी हातात घेतो," म्हणाले, जसे काही कचेरीत एखादी फाईल घेतली. आधी राखेने कोरडी घासायची, मग एकाच घमेल्यात एकापाठोपाठ एक विसळायची, शेवटी तांब्याभर स्वच्छ पाणी. चार दिवसांत त्यांनी बावीसचे तेरा लिटर केले. मला सांगा, चाळीस वर्षांत मी त्यांना कधी भांडी घासायला सांगितले असते तर वाईट दिसले असते, त्यांनाही आणि मलाही. वहीतल्या आकड्याने सांगितले तेव्हा त्यात मानापमानाचे काही उरले नाही.

इथे आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर घरी आल्यावर वाचलेले दोन आकडे सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातल्या माणसांसाठी बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २०१९ मध्ये २९९ मिनिटे निघाला आणि २०२४ मध्ये २८९ मिनिटे. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. आता तुम्ही म्हणाल, ती दहा मिनिटे पुरुषांनी उचलली असतील. तर तसे नाही. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. आणि लक्षात घ्या, ही सरासरी जे काही ना काही करतात त्यांचीच आहे. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीसच होते, तर बायका एक्याऐंशी. हे आकडे मी यजमानांपुढे ठेवले. हिशेबाचा माणूस; बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "ही तर निवृत्तिवेतन नसलेली नोकरी झाली."

आता तलावाकाठी भेटलेल्या एका बाईविषयी सांगते. आमची गाडी उभी होती तिथून खालच्या बाजूला एक पाडा आहे. तिथल्या बायका रोज सकाळी डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन आमच्या अंगणावरून जात. एक पावरा बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल, तिसऱ्या दिवशी थांबली. तिची पावरी आणि माझी अहिराणी, दोन्हींची मोडतोड करून आमचे बोलणे चाले. तिने गाडीत डोकावून पाहिले, कपाटे, पलंग, कुंडी सगळे निरखले आणि विचारले, "घरात किती माणसे?" मी म्हटले, "दोघेच." ती म्हणाली, "दोघांना एवढे मोठे घर?" मी निरुत्तर झाले. ज्या घराला गावातल्या बायका 'पेटी' म्हणून हसल्या होत्या, ते तिला मोठे वाटले. त्यात नळ होता ना! दार उघडून दोन पावलांवर पाणी होते. तिचे पाणी दोन खेपांवर होते.

तिच्या घरी आमचूर चालले होते. मी दोन दुपारी तिच्याबरोबर बसले. आपण बाजारातून आमचूर आणतो, आमटीत चिमूटभर टाकतो. ते कसे होते हे पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात सातपुड्यात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवतात. घरचे पुरुष आणि मुले झाडावर चढतात, खाली बायका टोपल्या भरतात. मग एकेक कैरी सोलायची, तिच्या फोडी काढायच्या आणि उघड्या खडकावर पसरून कडकडीत उन्हात वाळवायच्या. मध्येच वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन सगळे गोळा करायचे. भिजले की रंग काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. बोटे कैरीच्या चिकाने काळी पडलेली, काहींना चरे गेलेले. टोपलीभर कैऱ्यांचे वाळून मूठभर होते. ते धडगावच्या बाजारात जाते आणि तिथून कुठल्या कुठल्या देशी. आपल्या आमटीच्या आंबटपणात किती बायकांचे हात आहेत, हे मला त्या खडकावर कळले.

बोलता बोलता तिने मला विचारले, "बाई, तू आता शाळेत जात नाहीस. मग तुझे काम काय?" मी सांगू लागले, स्वयंपाक, झाडलोट, सुना-नातवंडे आली की त्यांचे... ती हसली आणि म्हणाली, "ते तर होतेच. ते काम थोडेच आहे!" भगिनींनो, इतके कष्ट करणारी बाईसुद्धा घरकामाला काम म्हणत नाही. पाणी भरणे, चूल पेटवणे, पोर सांभाळणे ही तिच्या लेखी कामे नव्हेत; कैरी विकून पैसे येतात ते काम. मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले, मंडळात भाषणे ऐकली, पण माझ्याही मनात हेच बसलेले होते. पगार थांबला तेव्हा मीदेखील लोकांना "आता काही करत नाही हो, घरीच असते" असे सांगत होते.

तिच्या प्रश्नाने मला त्या पंधरा दिवसांचा अर्थ लागला. संध्याकाळी तलावाच्या बांधावर बसलो असताना मी यजमानांना म्हटले, "अहो, इथे तुम्ही भांडी करता, झाडता, बिछाना काढता, ते छान चालले आहे. पण खाली गेल्यावर काय?" ते म्हणाले, "खाली गेल्यावर बघू." मी म्हटले, "बघू नको. तीस वर्षांचा हप्ता असतो ना कर्जाचा, तसे लिहून द्या." ते हसले. मी हसले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "लोक काय म्हणतील, याचे मला नाही काही. पण माझ्याने निभेल का, याची शंका वाटते. इथे घर दोन पावलांचे आहे." हे उत्तर मला आवडले, कारण ते खरे होते. उगीच वचन देऊन मोकळे झाले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

घरी आल्यावर तेच झाले. पहिले आठ दिवस फार उत्साहात गेले, आणि मग पुन्हा "अगं, चाळणी कुठे आहे?" ऐकू आले. तेव्हा मी एक केले. स्वयंपाकघराची उंच कपाटे रिकामी केली. चाळीस वर्षांत जमलेली भांडी, लग्नातले आहेर, पितळी पराती, एकात एक घातलेले डबे, त्यांपैकी निम्मे सुनेला आणि निम्मे गरजवंतांना दिले. उरलेले उघड्या फळ्यांवर डोळ्यांसमोर मांडले आणि डब्यांवर नावे चिकटवली. मला मनातून वाईट वाटले. बाईचा अधिकार तिच्या कपाटात असतो. कुठे काय आहे ते तिलाच ठाऊक, यात एक मान असतो. तो मान सोडल्याशिवाय ओझे सुटत नाही, हे मला पटायला वेळ लागला.

त्यानंतर नणंदबाई आणि त्यांचे यजमान चार दिवसांसाठी आले. खरी परीक्षा तीच. घरात दोघेच असताना भांडी घासणे वेगळे आणि बहिणीच्या देखत घासणे वेगळे. पहिल्या रात्री जेवणे झाली, मी मुद्दाम जागची उठले नाही. यजमान एक क्षण घुटमळले. मग उठले, ताटे गोळा केली आणि मोरीत गेले. नणंदबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वहिनी, दादाला काय हे करायला लावलेत?" मी काही बोलण्याआधी मोरीतूनच उत्तर आले, "अक्का, मला कुणी लावले नाही. ही बाब माझ्याकडे आहे." नणंदबाई गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांनी स्वतःचा पेला विसळून ठेवला. एवढेच घडले, जास्त नाही. पण पासष्टीच्या माणसाने आयुष्यात प्रथमच विसळलेला पेला लहान नसतो.

ज्या भगिनींना तोरणमाळला असा मुक्काम करावासा वाटेल, त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी सांगते. घाट दिवसाउजेडी चढावा आणि घाटाचा सराव असलेलाच चालक घ्यावा. नेहमीची औषधे दुप्पट न्यावीत. मोठा दवाखाना घाट उतरून शहाद्याला गाठावा लागतो, म्हणून रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फोन सगळीकडे लागेल, या भरवशावर राहू नये. डाळ-तांदूळ, पीठ खालून न्यावे, पण भाजी, अंडी, रानमेवा पाड्यावरून विकत घ्यावा आणि त्यात घासाघीस करू नये. चारोळी आणि करवंदे त्या दिवसांत मिळतात. साबणाचे पाणी तलावात किंवा ओहोळात कदापि सोडू नये; त्याच पाण्यावर गुरे आणि माणसे जगतात. मे महिन्यात रान वाळलेले असते, तेव्हा उघड्यावर चूल पेटवू नये. एका ठिणगीने डोंगर पेटतो. कचरा पिशवीत बांधून खाली आणावा. आणि पाड्यावरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ती आपल्या घरी आली तर आपले फोटो काढतील का?

परंतु त्यासाठी चाकांवरचे घरच हवे असे मुळीच नाही, आणि सर्वांना ते परवडणारेही नाही. आपल्या मंडळाला मी एक लहानशी सूचना करते. प्रत्येकीने एक आठवडाभर एक वही ठेवावी. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत घरात जे जे काम होते ते कुणी केले आणि किती मिनिटे केले, तेवढेच लिहावे. तक्रार लिहू नये, टोमणा लिहू नये; नुसते काम, नाव आणि मिनिटे. शक्य झाल्यास लिहिण्याचे काम घरातल्या पुरुषाकडेच द्यावे, म्हणजे आकड्यांवर वाद होणार नाही. आठवड्याच्या शेवटी बेरीज मांडून दोघांनी शांतपणे वाचावी आणि एकच बाब, मग ती भांडी असो, बिछाने असोत की पाणी भरणे असो, एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी. दिल्यावर ती परत घेऊ नये. भांडे थोडे तेलकट राहिले तरी पुन्हा घासायला बसू नये. ते आपल्याला सर्वांत अवघड जाते, मी अनुभवाने सांगते.

ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनी साठाव्या वर्षाची वाट पाहू नये. मुलाला सातव्या-आठव्या वर्षीच स्वतःची ताटली विसळू द्यावी. आमच्या यजमानांना वही घेऊन शिकावे लागले, ते त्याला खेळता खेळता येईल, आणि पुढे घरात येणारी कुणाची तरी लेक तुम्हाला दुवा देईल.

'घर पाहावे बांधून' असे आपण म्हणतो. बांधलेले घर दोघांचे असते, पण चालवण्याचा भार बहुतेक ठिकाणी एकीवर असतो. तो वाटून घेता येतो, उतारवयातही येतो, हे मी पाहून आले आहे. आमच्याकडे संध्याकाळची भांडी आणि सकाळचा पहिला चहा आता यजमानांकडे आहे. त्या वेळात मी दुपारी पाड्यावरच्या दोन मुलींसाठी पाढ्यांची आणि गोष्टींची वही तयार करते आहे. पावसाळा संपल्यावर ती घेऊन वर जायचे ठरले आहे. या वेळी मात्र एस.टी.नेच.